विश्लेषण : बरे झाले, पण जायचे कुठे? बेघर मनोरुग्णांच्या हक्काच्या घराचे काय?

दापोली तालुक्यातील मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात एखादी अनोळखी, भ्रमिष्ट व्यक्ती एसटीच्या थांब्यावर किंवा देवळाच्या पडवीत दिसू लागली, की गाव दोन-चार दिवस तिला जेवण देते. मग कुणीतरी पोलिसांना कळवते आणि ती व्यक्ती गावातून दिसेनाशी होते. पुढे तिचे काय होते? उपचार मिळाले तरी ती राहते कुठे? रुग्णालयातून सुटल्यावर जायला घर नसेल, तर सरकारची जबाबदारी काय? मानसिक आजार असलेल्या बेघरांच्या निवाऱ्याबाबत कायदा, न्यायालय आणि प्रत्यक्ष स्थिती काय सांगते, याचा हा आढावा.

प्रश्न नेमका काय आहे?

मानसिक आजार आणि बेघरपण या दोन गोष्टी एकमेकींना जन्म देतात. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात माणूस घरातून निघून जातो, रेल्वेत बसतो आणि शेकडो किलोमीटर दूर उतरतो. नाव-गाव सांगता येत नाही, भाषा वेगळी असते. दुसरीकडे, रस्त्यावरचे आयुष्य, उपासमार, मारहाण, लैंगिक अत्याचार आणि दारू यांमुळे धडधाकट माणसाचेही मन खचते. दोन्ही वाटांनी शेवटी माणूस एकाच जागी येतो.

आपल्याकडे या माणसाला आरोग्य खाते ‘रुग्ण’ म्हणून पाहते, पोलीस ‘बेवारस’ म्हणून, समाजकल्याण खाते ‘भिक्षेकरी’ म्हणून आणि नगरपालिका ‘बेघर’ म्हणून. प्रत्येक खात्याची स्वतंत्र योजना आहे. मात्र, उपचार आणि घर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी देणारी व्यवस्था फारच थोड्या ठिकाणी आहे. औषधाने बरा झालेला माणूस घर नसल्याने पुन्हा रस्त्यावर जातो, औषध सुटते आणि आजार उलटतो. किंवा तो वर्षानुवर्षे मनोरुग्णालयातच राहतो.

अशा लोकांची संख्या किती?

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर नोंदवले गेले. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे २ लाख ११ हजार होती. उत्तर प्रदेशानंतर हा दुसरा क्रमांक. यातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. देशातील या बेघरांपैकी ८ लाख ३० हजारांहून अधिक, म्हणजे जवळपास निम्मे, ग्रामीण भागात होते. बेघरपण हा केवळ मुंबईच्या पदपथांचा प्रश्न नाही.

ही मोजणी २८ फेब्रुवारी २०११च्या एका रात्रीत झाली होती. त्या रात्री जो दिसला तो मोजला गेला. यातील किती जणांना मानसिक आजार होता, याची वेगळी नोंद त्या मोजणीत नाही.

मनोरुग्णालयांच्या आतले चित्र मात्र अधिक स्पष्ट आहे. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीवर आधारित अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ३६ टक्के रुग्ण एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ रुग्णालयातच राहत होते. यातील अनेकांना रुग्णालयाची गरज उरलेली नव्हती. गरज होती ती राहायला जागेची आणि थोड्या आधाराची.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. त्याने १९८७चा कायदा रद्द केला. बेघरांच्या दृष्टीने यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, कलम १८. दारिद्र्यरेषेखालील, निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी रुग्णालयात मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असलेच पाहिजे, असे नाही.

दुसरी, कलम १९. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणासाठी तिला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. हे कलम एवढ्यावर थांबत नाही. कमी बंधने असलेली ‘हाफ वे होम’ आणि समूहगृहे उभारणे किंवा त्यांना साहाय्य करणे ही सरकारची जबाबदारी असल्याचेही ते सांगते.

तिसरी, कलम १००. स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मानसिक आजारी व्यक्ती भटकताना आढळली, तर पोलिसांनी तिला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आहे. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ती बेघर असेल, तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. दाखल करण्याची गरज नसेल, तर तिला तिच्या घरी किंवा बेघरांसाठीच्या सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचे आहे.

कागदावर साखळी पूर्ण आहे. ती तुटते शेवटच्या कडीवर. ‘बेघरांसाठीचा सरकारी निवारा’ आणि ‘समूहगृह’ जिल्ह्यात असेल, तरच पोलीस आणि डॉक्टर पुढचे पाऊल टाकू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला काय सुनावले होते?

बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाचा विषय गौरवकुमार बन्सल या वकिलांच्या याचिकेमुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१७ मध्ये न्यायालयाने या रुग्णांसाठी सर्व राज्यांनी सोय करावी, अशी भूमिका घेतली. पुढे महाराष्ट्रात मनोरुग्णालयांतून काही जणांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात असल्याचे न्यायालयासमोर आले.

६ जुलै २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने हा प्रकार ताबडतोब थांबवण्यास सांगितले. तो २०१७च्या कायद्याच्या उद्देशाशी विसंगत आणि उलट परिणाम करणारा असल्याचे खंडपीठाने नमूद केले. कारण सरळ आहे. भिक्षेकरी गृहे चालतात १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली. तो भीक मागणे हा गुन्हा मानणारा कायदा आहे. आजारातून बरा झालेला माणूस तिथे पाठवला, की तो रुग्णाचा आरोपी होतो.

मुंबई उच्च न्यायालयातही हा विषय आला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेवर सुनावणी करताना न्यायालयाने दीर्घकाळ मनोरुग्णालयांत अडकलेल्या रुग्णांच्या स्थितीची आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या कामाची झाडाझडती घेतली. घरी जाण्यास योग्य असूनही नेणारे कुणी नाही, म्हणून आत राहिलेल्या रुग्णांचा प्रश्न त्या याचिकेच्या केंद्रस्थानी होता.

रत्नागिरी जिल्ह्यात काय सोय आहे?

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांची मंजूर खाटांची संख्या अनुक्रमे २,५४०, १,८५०, ९४० आणि ३६५ अशी मिळून ५,६९५ आहे. म्हणजे रत्नागिरीचे रुग्णालय सर्वांत लहान. ब्रिटिश काळात सुरू झालेल्या या रुग्णालयाकडे कोकणासह शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात.

मुरुड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दापोली तालुक्यात आहे. तिथून जवळचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय. मनोरुग्णालय मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. खेड-चिपळूणमार्गे रस्त्याने जायचे, तर निम्मा दिवस प्रवासातच जातो. भ्रमिष्ट अवस्थेतील व्यक्तीला घेऊन जाणाऱ्या पोलिसांसाठी हा प्रवास म्हणजे एक गाडी आणि किमान दोन कर्मचाऱ्यांचा पूर्ण दिवस. महिला असेल, तर सोबत महिला पोलीस हवीच. त्यामुळे ‘पाहू, जाईल निघून’ ही वृत्ती बळावते.

बरे झाल्यावरचा आधार प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांचा आहे. सिंधुदुर्गात पणदूर येथे संदीप परब यांच्या ‘जीवन आनंद’ संस्थेचा संविता आश्रम रस्त्यावरच्या निराधारांना आसरा देतो. रायगडमध्ये कर्जतजवळ वेणगाव येथे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा’ संस्थेचे केंद्र आहे. १९८८ पासून या संस्थेने रस्त्यावरील हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन देशभरातील त्यांच्या घरी पोहोचवले. डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठी २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे ‘माउली सेवा प्रतिष्ठान’ मानसिक आजारी बेघर महिलांना सांभाळते.

हे काम मोठे आहे. पण कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी देणग्यांच्या बळावर चालणाऱ्या संस्थांनी पेलावी, हे धोरण म्हणता येत नाही.

गावातल्या बेघराला सरकारी योजनेतून घर का मिळत नाही?

बेघरांसाठीची निवारा केंद्रे ही शहरांसाठीची योजना आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी कायमस्वरूपी निवारा, असे प्रमाण ठरले होते. रत्नागिरी शहराची लोकसंख्याच २०११ मध्ये लाखाच्या आत होती. मुरुडसारखी ग्रामपंचायत तर या योजनेत बसतच नाही.

ग्रामीण भागासाठी पंतप्रधान आवास योजना आहे. २०१६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सपाट भागात घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरले. निवारा नसलेली कुटुंबे आणि भिक्षेवर जगणारे निराधार यांना यादीत थेट स्थान देण्याची तरतूदही होती. मात्र त्यासाठी सर्वेक्षणात नाव, आधार, बँक खाते आणि घर बांधायला जागा लागते. जागा नसणाऱ्यांसाठी राज्याची जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे, पण ती तरी नाव-गाव सिद्ध करू शकणाऱ्यांसाठीच. शिवाय घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने, बांधकाम होईल तसे मिळतात. आजारातून उठलेल्या एकट्या माणसाने गवंडी शोधून, जोते घालून घर उभे करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही हीच अडचण येते. दरमहाचे अनुदान २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले आणि पुढे दिव्यांगांसाठी ते वाढवण्यात आले. मानसिक आजार हा २०१६च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत येतो. तरीही राज्यात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याची अट आहे. ज्याचा पत्ताच हरवला आहे, त्याने तो तलाठ्याकडून कसा आणायचा?

थोडक्यात, आपल्या घरांच्या योजना कुटुंब धरून आखलेल्या आहेत. एकट्या, आजारी आणि कागदपत्रे नसलेल्या माणसासाठी त्यांत रकानाच नाही.

‘आधी घर’ हे धोरण काय आहे?

जगात अनेक ठिकाणी दीर्घकाळ पायऱ्यांची पद्धत होती. आधी दारू सोडा, औषधे नियमित घ्या, निवारा केंद्रात शिस्तीने राहा, मग घर मिळेल. यात बहुतेक जण मधल्या पायरीवरूनच घसरत. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम सेम्बेरिस यांनी हा क्रम उलटा केला. आधी स्वतंत्र घर द्यायचे, उपचार आणि व्यसनमुक्तीची मदत दारापर्यंत न्यायची, पण ती घेण्याची अट घराला जोडायची नाही. डोक्यावर छप्पर आणि दाराला आतून कडी असेल, तरच माणूस औषधाचा विचार करू शकतो, हा त्यामागचा तर्क.

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक मानसिक आजारी बेघरांवर याचा मोठा प्रयोग केला. शेवटच्या सहा महिन्यांत ‘आधी घर’ मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकले. नेहमीच्या सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. मात्र आजाराची लक्षणे दोन्ही गटांत साधारण सारखीच कमी झाली. म्हणजे घराने घर टिकवण्याचा प्रश्न सोडवला, आजार आपोआप बरा केला नाही. ही मर्यादा लक्षात घ्यायलाच हवी. फिनलंडने २००८ पासून हे धोरण राष्ट्रीय पातळीवर राबवले.

मग अमेरिकेत आता उलटा प्रवास का?

२४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशाद्वारे ‘आधी घर’ धोरणाचा केंद्रीय आधार काढून घेण्याचे आणि रस्त्यावरील मानसिक आजारी व व्यसनी लोकांना सक्तीने संस्थांत दाखल करण्यावर भर देण्याचे निर्देश दिले. त्याआधी जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी झोपण्यावर दंड करण्याची मुभा शहरांना दिली होती.

टीकाकारांचा मुद्दा असा, की घरे देऊनही रस्त्यावरची गर्दी हटली नाही. समर्थकांचे उत्तर असे, की परवडणारी घरेच पुरेशी नव्हती आणि दर महिन्याला नवे लोक बेघर होत राहिले. भारतासाठी यातून घेण्यासारखा धडा वेगळा आहे. सक्तीने दाखल करण्याचा मार्ग आपण दीडशे वर्षांहून अधिक काळ वापरला आहे. १८५८च्या ‘ल्युनॅटिक असायलम’ कायद्यापासून तो सुरू होता. वर्षानुवर्षे आत राहिलेले रुग्ण हे त्याचेच फलित आहे.

भारतात अशी घरे कुठे आहेत?

चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने २०१५ मध्ये ‘होम अगेन’ हा उपक्रम सुरू केला. मनोरुग्णालयात किंवा आश्रमात दीर्घकाळ राहिलेले चार-पाच जण साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात. सोबत प्रशिक्षित मदतनीस असते. बाजारहाट, स्वयंपाक, सण, शेजाऱ्यांशी भांडण आणि समेट हे सारे त्यांचे तेच करतात. डॉक्टर आणि औषधे गरजेनुसार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्य सेवांच्या मार्गदर्शिकेत या उपक्रमाची चांगले उदाहरण म्हणून नोंद घेतली. पुढे तो केरळ, आसाम आणि महाराष्ट्रातही गेला. रत्नागिरीतही संस्थेने हे काम हाती घेतले.

या नमुन्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याला मोठी इमारत, टेंडर किंवा नवी जागा लागत नाही. गावातले रिकामे घर, भाडे आणि एका-दोघांचे पगार एवढ्यावर तो उभा राहतो. मुंबई-पुण्याला गेलेल्या चाकरमान्यांची कुलूपबंद घरे कोकणात कमी नाहीत. अडचण घरांची नाही, ती भाड्याने देण्याच्या तयारीची आहे.

आक्षेप आणि अडचणी कोणत्या?

पहिला आक्षेप शेजाऱ्यांचा. ‘वस्तीत वेडे नकोत, मुले आहेत, पर्यटक येतात.’ ही भीती खरी असते, पण तिला आधार कमी असतो. उपचार घेत असलेल्या व्यक्तीकडून हिंसा होण्यापेक्षा तिच्यावर हिंसा होण्याची शक्यता अधिक असते. गावांची मते बदलतात, हेही मुरुडने अनुभवले आहे. १८९३ मध्ये विधवेशी विवाह केल्याबद्दल याच गावाने धोंडो केशव कर्वे यांच्यावर बहिष्कार टाकला होता. ज्यांना घर नाकारले गेले, अशा स्त्रियांसाठी त्यांनी पुण्यात आश्रम काढला. आज गाव महर्षी कर्वे यांचे नाव अभिमानाने सांगते.

दुसरी अडचण व्यसनाची. निवारा केंद्रे दारू प्यायलेल्याला आत घेत नाहीत. रात्रपाळीला एकटा काळजीवाहक असेल, तर त्याचेही बरोबरच असते. त्यामुळे मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेला माणूस दोन्हींकडून परत पाठवला जातो. अशांसाठी जास्त मनुष्यबळ असलेली वेगळी घरे लागतील.

तिसरी अडचण कुटुंबाची. घरी पोहोचवले म्हणजे पुनर्वसन झाले, असे नसते. औषधे गावात मिळाली नाहीत, तर काही महिन्यांत माणूस पुन्हा बाहेर पडतो. काही महिलांना ज्या घरातून हाकलले, तिथेच परत पाठवणे धोक्याचे असते. त्यांच्यासाठी समूहगृह हा पर्यायच उरतो.

चौथी अडचण पैशाची. घराचे भाडे आरोग्य खात्याच्या तरतुदीत बसत नाही आणि मदतनीसाचा पगार गृहनिर्माणाच्या तरतुदीत बसत नाही. दोन खात्यांच्या मधल्या फटीत हा विषय अडकतो.

गावात अशी व्यक्ती दिसली तर काय करावे?

दगड मारणाऱ्या मुलांना थांबवणे, पाणी आणि जेवण देणे, ही पहिली पायरी. मारून-बांधून ठेवू नये. समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकू नये. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे आणि कलम १०० नुसार नोंद घ्यायला सांगावे. तब्येत गंभीर असेल, तर १०८ची रुग्णवाहिका बोलवावी. काय करावे ते सुचत नसेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पोलीस किंवा रुग्णालय दाद देत नसेल, तर विधि सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत कायदेशीर मदत मागता येते. व्यक्ती बोलत असेल, तर तिने उच्चारलेली गावांची, नद्यांची, माणसांची नावे लिहून ठेवावीत. कुटुंबाचा माग बहुतेक वेळा अशाच एखाद्या शब्दावरून लागतो.

पुढे काय होऊ शकते?

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या वेळी बेघरांची मोजणी पुन्हा होईल. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीत भटकणाऱ्या व्यक्तींची माहिती आधीच तयार ठेवली, तर ग्रामीण बेघरांचा आकडा अधिक खरा येईल आणि त्यावरच पुढच्या योजनांचे वाटप ठरेल.

जिल्हा पातळीवर तीन गोष्टी नवा कायदा न करताही शक्य आहेत. रुग्णालयातून सोडतानाच आधार, बँक खाते आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तयार करून देणे. औषधे दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत नियमित पोहोचवणे. आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून निदान दोन समूहगृहे, एक महिलांसाठी आणि एक पुरुषांसाठी, भाड्याच्या घरात सुरू करणे. दहा जणांची सोय झाली, तर ३६५ खाटांच्या रुग्णालयात दहा खाटा मोकळ्या होतील. मुरुडहून, मंडणगडहून किंवा राजापूरहून आणलेल्या पुढच्या रुग्णाला त्या मिळतील.